नकाशाकडून प्रतिमानाकडे : बांधकाम व्यवस्थापनातील सहकार्याचा इतिहास (१९६२ ते २०१८)

सारांश :

इमारतीचे संगणकीय प्रतिमान ही बांधकाम क्षेत्रात आता परिचित झालेली संकल्पना आहे. तिचा इतिहास बहुधा संगणक प्रणालींच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत लेखात तो निराळ्या बाजूने पाहिला आहे. एकाच इमारतीवर काम करणाऱ्या अनेकांमध्ये माहितीची वाटणी कशी होते, बदल करण्याचा अधिकार कोणाचा आणि चुकीचे उत्तरदायित्व कोणाचे, या प्रश्नांना प्रतिमानाने वेळोवेळी कोणती उत्तरे दिली याचा येथे आढावा घेतला आहे. प्रतिमानामुळे सहकार्य आपोआप घडून आले नाही. सहकार्याचे करार आणि नियम तयार झाल्यानंतरच प्रतिमान उपयोगी ठरले, असे प्रतिपादन लेखात केले आहे.

बीजशब्द : इमारत माहिती प्रतिमान, नकाशा, बांधकाम व्यवस्थापन, सहकार्य, उत्तरदायित्व, मानके.

१. प्रस्तावना :

१७ जुलै १९८१ रोजी सायंकाळी अमेरिकेतील मिझुरी राज्यातील कॅन्सस सिटी येथे हयात रीजन्सी हॉटेलच्या प्रशस्त दालनात नृत्याचा कार्यक्रम चालू होता. दालनाच्या वर छताला टांगलेले पादचारी पूल होते. त्यांपैकी चौथ्या मजल्याचा पूल निखळला आणि त्याच्या खाली असलेल्या दुसऱ्या मजल्याच्या पुलासह तो खालच्या गर्दीवर कोसळला. या दुर्घटनेत ११४ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या आणि दोनशेहून अधिक जखमी झाल्या. हॉटेल सुरू होऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते.

या दुर्घटनेचे कारण साहित्यातील भेसळ हे नव्हते, भूकंपही नव्हता. मूळ आराखड्यानुसार छतापासून निघालेली एकच अखंड सळई चौथ्या मजल्याच्या पुलाच्या तुळईतून खाली जाऊन दुसऱ्या मजल्याचा पूल पेलणार होती. एवढी लांब सळई आट्यांसह तयार करणे आणि बसविणे गैरसोयीचे असल्याने पोलादी भाग तयार करण्याच्या टप्प्यावर तिच्या जागी दोन सळया आल्या. छतापासून निघालेली एक सळई वरच्या पुलाशी थांबली आणि खालचा पूल दुसऱ्या सळईने वरच्या पुलालाच टांगला गेला. कागदावर हा फरक काही इंचांचा दिसतो. परंतु मूळ रचनेत वरच्या तुळईखालच्या नटाला केवळ वरच्या पुलाचा भार सोसावा लागणार होता, तो आता दोन्ही पुलांचा सोसावा लागला. म्हणजेच भार दुप्पट झाला. बदललेले आराखडे अभियंत्याच्या कार्यालयातून तपासणीचा शिक्का घेऊन बाहेर पडले, पण त्या जोडाचे गणित कोणीही मांडले नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने केलेल्या चौकशीत तर असे आढळले की, मूळ रचनाही शहराच्या बांधकाम नियमांनी अपेक्षिलेल्या ताकदीच्या सुमारे ६० टक्केच भरत होती. पुढे संबंधित अभियंत्यांचे मिझुरी राज्यातील परवाने रद्द झाले.

अभियांत्रिकीच्या अध्यापनात ही घटना व्यावसायिक नीतीचे उदाहरण म्हणून शिकविली जाते. इतिहासाच्या अभ्यासकाला तिच्यात आणखी एक प्रश्न दिसतो. वास्तुविशारद, संरचना अभियंता, पोलादी भाग घडविणारा कारखाना आणि कंत्राटदार हे सर्व एकाच जोडाकडे पाहत होते. तरीही प्रत्येकासमोर वेगळा कागद होता, आणि तो जोड तपासणे हे दुसऱ्या कोणाचे तरी काम आहे अशी समजूत त्यांच्यामध्ये शिल्लक राहिली होती. बांधकामातील संगणकीय प्रतिमानाचा इतिहास म्हणजे ही समजूत दूर करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय. हे प्रयत्न कितपत यशस्वी झाले हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. नकाशांची व्यवस्था आणि तिच्या मर्यादा :

कोणतीही इमारत नकाशांच्या संचातून उभी राहते. तलविन्यास, छेद, दर्शनी चित्रे, दारे-खिडक्यांचे तक्ते, संरचनेचे नकाशे, पाणीपुरवठा आणि विजेचे नकाशे असे हे संच असतात. आपल्याकडे ट्रेसिंग कागदावर काढलेल्या मूळ नकाशाच्या अमोनिया प्रती काढून त्या नगरपालिकेत, कंत्राटदाराकडे आणि कामाच्या जागी पाठविण्याची पद्धत अनेक दशके रूढ होती. या व्यवस्थेचे एक वैशिष्ट्य असे की, इमारतीतील एकच वस्तू अनेक कागदांवर वेगवेगळ्या रूपात नोंदलेली असते. एक दार तलविन्यासात दिसते, छेदात दिसते, दर्शनी चित्रात दिसते, शिवाय तक्त्यात आणि अंदाजपत्रकातही दिसते. दाराची जागा बदलली तर या पाचही ठिकाणी कोणीतरी आठवणीने बदल करावा लागतो. एका ठिकाणी तो राहून गेला की संचातच विसंगती निर्माण होते, आणि ती बहुधा बांधकामाच्या जागी, भिंत उभी राहिल्यावर उघडकीस येते.

दुसरे वैशिष्ट्य उत्तरदायित्वासंबंधीचे आहे. प्रत्येक नकाशाखाली एक स्वाक्षरी असते. स्वाक्षरी करणाऱ्याचे उत्तरदायित्व त्या कागदापुरते असते. दोन कागदांमधील जागेचे उत्तरदायित्व कोणाचे, हा प्रश्न करारात क्वचितच स्पष्ट केलेला असतो. वातानुकूलनाची नळी संरचनेच्या तुळईतून जात असेल, तर दोन्ही नकाशे स्वतंत्रपणे बरोबर असूनही इमारत चुकीची असते. नकाशांची व्यवस्था ही अशा रीतीने श्रमविभागणीची आणि त्याचबरोबर जबाबदारीच्या विभागणीची व्यवस्था होती. प्रतिमानाच्या कल्पनेने या दोन्ही गोष्टींना स्पर्श केला, आणि म्हणूनच तिचा स्वीकार होण्यास दीर्घ काळ लागला.

३. कल्पनेचा उदय (१९६२ ते १९७७) :

१९६२ मध्ये अमेरिकन संशोधक डग्लस एंगेलबार्ट यांनी मानवी बुद्धीची क्षमता संगणकाच्या साहाय्याने वाढविण्याविषयी एक अहवाल लिहिला. त्यात त्यांनी पडद्यासमोर बसून इमारतीची रचना करणाऱ्या वास्तुविशारदाचे उदाहरण घेतले होते. हा वास्तुविशारद रेषा काढण्याऐवजी इमारतीच्या भागांची माहिती भरत जातो आणि ती रचना त्याच्यासमोर आकार घेते. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, आयव्हन सदरलँड यांनी मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत ‘स्केचपॅड’ ही प्रणाली सादर केली. तिच्यात प्रकाशलेखणीने पडद्यावर आकृती काढता येत असे. तथापि स्केचपॅडचे खरे महत्त्व रेषा काढण्यात नव्हते. एकदा काढलेल्या मूळ आकृतीच्या अनेक आवृत्त्या वापरता येत आणि मूळ आकृती बदलताच सर्व आवृत्त्या बदलत. दोन रेषा समांतर राहाव्यात किंवा समान लांबीच्या राहाव्यात अशी बंधनेही घालता येत. पुढील प्रतिमानांचे बीज या दोन गुणांत आहे.

ही कल्पना इमारतीला पद्धतशीरपणे लागू करण्याचे श्रेय चार्ल्स ईस्टमन यांच्याकडे जाते. कार्नेगी-मेलन विद्यापीठात असताना त्यांनी ‘बिल्डिंग डिस्क्रिप्शन सिस्टिम’ ही प्रायोगिक प्रणाली विकसित केली आणि १९७५ मध्ये अमेरिकेतील वास्तुविशारदांच्या संस्थेच्या नियतकालिकात तिच्यावर लेख लिहिला. रचनेसाठी नकाशांऐवजी संगणक वापरावा, असा त्या लेखाच्या शीर्षकाचाच आशय होता. नकाशा हा मूळ दस्तऐवज नसून इमारतीच्या वर्णनातून हवा तेव्हा काढून घ्यावयाचा उतारा आहे, अशी त्यांची भूमिका होती. बदल एकाच ठिकाणी करावा, सर्व नकाशे त्यातून सुसंगतपणे निघावेत, साहित्याचे प्रमाण त्यातूनच मोजावे, हे आज गृहीत धरले जाणारे मुद्दे त्यात मांडलेले आहेत. १९७७ मध्ये त्यांच्या गटाने ‘ग्लाइड’ ही पुढची प्रणाली मांडली. परंतु त्या काळी असे प्रयोग करण्याइतके संगणक मोठ्या संस्थांकडेच होते. कल्पना तयार होती, ती वापरणारा व्यवसाय तयार नव्हता.

४. पहिले उपयोग आणि एक वळण (१९७० ते १९८७) :

प्रतिमानाचा व्यावहारिक उपयोग प्रथम अशा ठिकाणी झाला, जेथे एकच मालक पुनःपुन्हा सारख्या घटकांतून बांधकाम करीत होता. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड प्रादेशिक आरोग्य प्राधिकरणाने रुग्णालयांसाठी ठरावीक घटकांची बांधकाम पद्धत स्वीकारली होती. तिच्यासाठी केंब्रिज येथे ‘ऑक्सिस’ ही प्रणाली १९७० च्या दशकात तयार झाली. घटक ठरावीक असल्याने संगणकात त्यांचे वर्णन साठविणे शक्य झाले. त्याच देशात तयार झालेल्या ‘रुकॅप्स’ या प्रणालीचा उपयोग लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या टर्मिनल ३ च्या नूतनीकरणात करण्यात आला. रॉबर्ट एश यांनी १९८६ मध्ये या कामावर आधारित निबंधात ‘बिल्डिंग मॉडेलिंग’ असा शब्द वापरला. विमानतळ चालू ठेवून बांधकाम करावयाचे असल्याने कोणते काम कोणत्या क्रमाने होईल हे दाखविणे तेथे आवश्यक होते. अशा रीतीने प्रतिमानात काळाची मिती येण्याचे एक आरंभीचे उदाहरण या कामात आढळते.

तिसरे उदाहरण हंगेरीतील आहे. १९८२ मध्ये गाबोर बोयार यांनी बुडापेस्ट येथे ‘ग्राफिसॉफ्ट’ ही कंपनी स्थापन केली. तिच्या आरंभीच्या कामांत पाक्श येथील अणुवीज केंद्रातील नळांचे त्रिमित प्रतिमान होते. नळांच्या गुंतागुंतीत कोणती नळी कोठे अडेल हे कागदावर समजणे कठीण असल्याने प्रतिमानाची गरज तेथे उघड होती. पुढे १९८७ मध्ये याच कंपनीची ‘आर्किकॅड’ ही प्रणाली वैयक्तिक संगणकावर वापरता येईल अशा स्वरूपात बाजारात आली. रुग्णालय, विमानतळ आणि अणुवीज केंद्र या तिन्ही ठिकाणी चुकीची किंमत मोठी होती आणि मालक ती चूक टाळण्यासाठी खर्च करण्यास तयार होता, हे साम्य लक्षात घेण्यासारखे आहे.

असे असूनही बहुसंख्य कार्यालयांनी प्रतिमानाचा मार्ग स्वीकारला नाही. १९८२ च्या अखेरीस ‘ऑटोकॅड’ ही प्रणाली आली. तिने स्वस्त वैयक्तिक संगणकावर नकाशे काढणे शक्य केले. कार्यालयाची जुनी कामाची रीत तिने बदलली नाही. ड्रॉइंग बोर्डाची जागा केवळ पडद्याने घेतली. नकाशा जलद निघू लागला, त्याच्या प्रती स्वच्छ निघू लागल्या, दुरुस्ती सोपी झाली. मात्र संगणकातील रेषेला ती भिंत आहे की तुळई आहे याचे ज्ञान नव्हते. पाच कागदांवरील दार पाच फायलींत गेले, एवढाच फरक पडला. यंत्र नवे आणि श्रमविभागणी जुनी, अशी ही स्थिती होती. तंत्रज्ञानाच्या इतिहासात असे वारंवार घडते : जे साधन प्रचलित संबंधांना धक्का लावीत नाही ते लवकर पसरते, आणि जे संबंध बदलण्याची मागणी करते ते मागे राहते.

५. एक प्रतिमान आणि अनेक दृष्टी (१९९२ ते २००२) :

१९९२ मध्ये नेदरलँड्समधील व्हॅन नेडरव्हीन आणि टोलमन या संशोधकांनी एका शोधनिबंधात इमारत माहिती प्रतिमान ही संज्ञा वापरली. त्यांच्या निबंधाचा विषय इमारतीकडे पाहण्याच्या अनेक दृष्टी हा होता. वास्तुविशारदाला भिंत ही जागेची सीमा वाटते, संरचना अभियंत्याला ती भार वाहणारा घटक वाटते, अंदाजपत्रक करणाऱ्याला ती विटांचे घनमापन वाटते. ही तिन्ही वर्णने एकाच भिंतीची असली तरी एकमेकांत विरघळून जात नाहीत. म्हणून प्रतिमानाने प्रत्येकाची दृष्टी जपावी आणि तरीही सर्वांना एकत्र ठेवावे, हा सैद्धांतिक प्रश्न त्यांनी उपस्थित केला. सर्वांसाठी एकच परिपूर्ण प्रतिमान ही कल्पना आकर्षक होती. प्रत्यक्षात अनेक प्रतिमाने परस्परांशी जुळवून ठेवण्याचा मार्गच पुढे रूढ झाला.

त्यासाठी निरनिराळ्या कंपन्यांच्या प्रणालींना एकमेकींची माहिती वाचता येणे आवश्यक होते. १९९४ मध्ये अमेरिकेत बारा कंपन्यांनी एकत्र येऊन या दिशेने प्रयत्न सुरू केले. लवकरच त्याला आंतरराष्ट्रीय संस्थेचे स्वरूप आले. हीच संस्था आज ‘बिल्डिंगस्मार्ट’ या नावाने ओळखली जाते. १९९७ मध्ये ‘आय.एफ.सी.’ या खुल्या माहितीस्वरूपाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि २०१३ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा पूर्ण दर्जा मिळाला. खुल्या स्वरूपाचा प्रश्न केवळ तांत्रिक नव्हता. इमारत पन्नास वा शंभर वर्षे उभी राहते, संगणक प्रणालीची आवृत्ती काही वर्षांत कालबाह्य होते. इमारतीची माहिती एका विक्रेत्याच्या स्वरूपात बंदिस्त राहिली, तर मालकाला स्वतःच्या इमारतीविषयीही परावलंबी राहावे लागते.

याच काळात दोन घटनांनी व्यवसायाचे लक्ष वेधून घेतले. १९९७ मध्ये स्पेनमधील बिल्बाओ येथे फ्रँक गेरी यांनी रचलेले गुगेनहाइम संग्रहालय खुले झाले. त्याचे वक्र पृष्ठभाग नेहमीच्या नकाशांत मांडणे दुरापास्त होते. विमाननिर्मितीसाठी विकसित झालेल्या ‘कॅटिया’ या प्रणालीत त्याचे प्रतिमान तयार करून भाग घडविणाऱ्यांपर्यंत भूमितीची माहिती थेट पोहोचविण्यात आली. दुसरी घटना म्हणजे २००० मध्ये बाजारात आलेली ‘रेव्हिट’ ही प्रणाली. एका ठिकाणी केलेला बदल सर्व नकाशांत तत्काळ उतरणे हे तिचे मुख्य तत्त्व होते. ईस्टमन यांनी पंचवीस वर्षांपूर्वी मांडलेली अपेक्षा सर्वसाधारण कार्यालयाच्या आवाक्यात आली. २००२ मध्ये ऑटोडेस्क कंपनीने ही प्रणाली विकत घेतली आणि त्यानंतर ‘बिम’ हे संक्षिप्त नाव सर्वत्र रूढ झाले.

६. करार आधी, प्रतिमान नंतर : हीथ्रो टर्मिनल ५ :

साधने उपलब्ध झाल्यावर सहकार्य सुरू झाले काय, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी ब्रिटनमधील अनुभव विशेष उपयुक्त आहे. १९९४ मध्ये सर मायकेल लॅथम यांनी आणि १९९८ मध्ये सर जॉन ईगन यांच्या समितीने त्या देशाच्या बांधकाम उद्योगाविषयी अहवाल सादर केले. दोन्ही अहवालांत उद्योगातील परस्पर अविश्वास, वाद आणि विस्कळीतपणा यांवर बोट ठेवले होते. सर्वांत कमी बोली लावणाऱ्याला काम द्यायचे आणि मग प्रत्येक बदलासाठी त्याच्याशी भांडायचे, ही रीत सोडून दीर्घकालीन भागीदारी स्वीकारावी, असा त्यांचा आग्रह होता.

या विचारांची मोठी कसोटी हीथ्रोच्या टर्मिनल ५ वर लागली. दीर्घ सार्वजनिक सुनावणीनंतर २००१ मध्ये या प्रकल्पाला मान्यता मिळाली, २००२ मध्ये काम सुरू झाले आणि सुमारे ४.३ अब्ज पौंड खर्चाचे हे टर्मिनल २७ मार्च २००८ रोजी खुले झाले. विमानतळाच्या मालक कंपनीने या प्रकल्पासाठी स्वतंत्र करारपद्धती तयार केली. प्रकल्पाची जोखीम मालकाने स्वतःकडे ठेवली. त्यामुळे चूक आढळल्यास ती लपविण्यात किंवा दुसऱ्यावर ढकलण्यात कंत्राटदाराचा लाभ उरला नाही. रचनाकार, अभियंते आणि कंत्राटदार यांचे संयुक्त गट करण्यात आले, आणि सर्वांनी एका सामायिक संगणकीय प्रतिमान-व्यवस्थेत आपली माहिती ठेवावी असा दंडक घालण्यात आला.

येथे क्रम महत्त्वाचा आहे. जुन्या करारात आपली माहिती दुसऱ्याला दाखविणे हे धोक्याचे असते, कारण त्यातील चूक हा उद्याच्या दाव्यातील पुरावा होऊ शकतो. जोखीम मालकाने घेतल्यानंतरच माहिती उघड करणे सर्वांच्या हिताचे ठरले. म्हणजे प्रतिमानाने विश्वास निर्माण केला नाही. करारामुळे निर्माण झालेल्या विश्वासाने प्रतिमान भरले.

टर्मिनल ५ चे बांधकाम वेळेत आणि ठरलेल्या खर्चात पूर्ण झाले, म्हणून त्याचा गौरव झाला. परंतु उद्घाटनाच्या दिवशीच सामान हाताळण्याची व्यवस्था कोलमडली आणि पुढील काही दिवसांत शेकडो उड्डाणे रद्द करावी लागली. कर्मचाऱ्यांचे अपुरे प्रशिक्षण आणि अपुऱ्या चाचण्या ही त्याची कारणे पुढे आली. इमारत बांधणाऱ्यांमध्ये जे सहकार्य साधले होते ते ती वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचले नव्हते. प्रतिमानाच्या यशोगाथेत हा भाग सहसा वगळला जातो. तथापि सहकार्याची सीमा कोठे आखली आहे हे तपासण्याचा धडा त्यातूनच मिळतो.

७. शासन आणि मानके (२००३ ते २०१८) :

बांधकामात शासन हा सर्वांत मोठा ग्राहक असतो. त्यामुळे प्रतिमानाच्या प्रसारात शासकीय आदेशांचा वाटा मोठा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, प्रणालींमध्ये माहितीची देवाणघेवाण नीट न झाल्यामुळे त्या देशातील मोठ्या इमारती व सुविधांच्या क्षेत्राला २००२ या एका वर्षात १५.८ अब्ज डॉलरचा भुर्दंड पडला. यातील सुमारे दोनतृतीयांश भार मालक आणि इमारत चालविणाऱ्यांवर पडला होता. माहिती हरवते बांधकामाच्या काळात, आणि तिची किंमत भरतो इमारत वापरणारा, हा निष्कर्ष शासकीय मालकांना विचार करायला लावणारा होता.

अमेरिकेच्या सामान्य सेवा प्रशासनाने २००३ मध्ये प्रतिमानविषयक कार्यक्रम हाती घेतला. फिनलंडच्या शासकीय मालमत्ता संस्थेने २००७ पासून आपल्या प्रकल्पांसाठी खुल्या स्वरूपातील प्रतिमाने मागण्यास सुरुवात केली. सिंगापूरमध्ये २०१५ पासून ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या नव्या इमारतींसाठी प्रतिमान सादर करणे आवश्यक झाले. ब्रिटिश शासनाने २०११ मध्ये घोषित केलेल्या धोरणानुसार केंद्र शासनाच्या प्रकल्पांत २०१६ पासून सहयोगी त्रिमित प्रतिमान बंधनकारक झाले.

या आदेशांइतकेच महत्त्व मानकांना आहे. ब्रिटनमध्ये २००७ साली सुधारून प्रसिद्ध झालेल्या ११९२ क्रमांकाच्या मानकात (बी.एस. ११९२) सामायिक माहितीची शिस्त सांगितली आहे. माहितीच्या चार अवस्था कल्पिल्या आहेत : चालू काम, सामायिक, प्रकाशित आणि संग्रहित. चालू काम ज्याचे त्याच्याकडे असते. ते तपासल्याशिवाय इतरांना उपलब्ध होत नाही. सामायिक माहिती इतरांना पाहता येते, संदर्भासाठी वापरता येते, पण बदलता येत नाही. बदल हवा असेल तर तो ज्याची माहिती आहे त्यानेच करावयाचा असतो. मान्यता मिळाल्यावर ती प्रकाशित होते, आणि जुनी आवृत्ती पुसली न जाता संग्रहात जाते. या शिस्तीला २०१८ मध्ये ‘आय.एस.ओ. १९६५०’ या मानकमालिकेच्या पहिल्या दोन भागांद्वारे आंतरराष्ट्रीय रूप मिळाले.

कॅन्सस सिटीच्या घटनेशी ही शिस्त ताडून पाहिली म्हणजे तिचे मर्म ध्यानात येते. संगणकाने त्या नटावरील भार आपण होऊन मोजला असता असे म्हणता येत नाही. गणित करावयाचे कोणी, हे माणसांनीच ठरवावे लागते. परंतु एका सळईच्या दोन सळया झाल्या हा बदल कोणी सुचविला, कोणी तपासला आणि कोणी मान्य केला, या तीन प्रश्नांची उत्तरे नोंदविल्याखेरीज तो पुढे सरकू नये, असा अडसर ही व्यवस्था घालते. अर्थात, शिक्का मारताना न वाचण्याची सवय कायम राहिली, तर पडद्यावरील मान्यतेचे बटणही तितकेच निरर्थक ठरेल.

८. महाराष्ट्राच्या संदर्भात :

प्रतिमानाची शिस्त आपल्याला सर्वस्वी परकी नाही. सार्वजनिक बांधकाम खात्यातील मोजमाप पुस्तिका हे तिचे जुने भावंड म्हणता येईल. या पुस्तिकेच्या पानांना अनुक्रमांक असतात, पान फाडता येत नाही, नोंद खोडरबराने पुसता येत नाही. चूक झाल्यास ती वाचता येईल अशी छेदून शेजारी सही करावी लागते. कंत्राटदाराचे देयक या नोंदींवर ठरते. म्हणजे कोणी, केव्हा, काय मोजले याचा अखंड पुरावा ठेवण्याची रीत कागदाच्या युगातही होती. मात्र मोजमाप पुस्तिका काम झाल्यावर लिहिली जाते, तर प्रतिमान काम होण्यापूर्वी भरले जाते. पहिलीचा उद्देश गैरव्यवहाराला आळा घालणे हा आहे, दुसऱ्याचा उद्देश चूक आधीच सापडावी हा आहे. पहिली अविश्वासावर उभी आहे, दुसऱ्याला विश्वासाची आवश्यकता असते. प्रतिमान वापरूनही करार जुनाच ठेवला, तर ते केवळ महागडी मोजमाप पुस्तिका होऊन बसेल.

राज्यातील मोठ्या प्रकल्पांपैकी नागपूर मेट्रोने त्रिमित रचनेला वेळ आणि खर्च यांची जोड देणारी ‘पंचमिती’ प्रतिमान-व्यवस्था स्वीकारली. या मेट्रोचे काम २०१५ मध्ये सुरू झाले आणि मार्च २०१९ मध्ये तिच्या पहिल्या मार्गाचे उद्घाटन झाले. दुसरीकडे, पुणे आणि मुंबई येथील अनेक तांत्रिक कार्यालये परदेशांतील प्रकल्पांसाठी प्रतिमाने तयार करून देतात. आपले तरुण अभियंते इतरांच्या इमारतींतील विसंगती शोधतात, आणि आपल्याकडील बहुसंख्य निवासी इमारती मात्र अजून सुट्या नकाशांवरच उभ्या राहतात, ही विसंगतीही नोंदविण्याजोगी आहे.

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ याच्या कलम १४ नुसार मंजूर नकाशात मोठा फेरफार करण्यासाठी किमान दोनतृतीयांश सदनिकाधारकांची लेखी संमती आवश्यक आहे. नकाशा बदलण्याच्या अधिकारात राहणाऱ्यालाही स्थान देणारी ही तरतूद आहे. मात्र नकाशा वाचता न येणाऱ्या सदनिकाधारकाची संमती ही खरोखर कितपत संमती असते, हा प्रश्न उरतोच. प्रतिमान सामान्य माणसालाही पाहून समजते. इमारतीचे प्रतिमान विक्रीच्या आकर्षक चित्रफितीपुरते न ठेवता संमतीच्या वेळी सदनिकाधारकांसमोर ठेवले, तर सहकार्याच्या कक्षेत प्रथमच खरा वापरकर्ता येईल.

९. निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) प्रतिमानाची मूलभूत कल्पना १९६२ ते १९७७ या काळातच स्पष्ट झाली होती. तिच्या प्रसारास लागलेला विलंब संगणकाच्या मर्यादांमुळे जितका झाला, तितकाच बांधकाम उद्योगातील श्रमविभागणीमुळे आणि करारपद्धतीमुळे झाला.

(२) आरंभीचे यशस्वी उपयोग रुग्णालय, विमानतळ, अणुवीज केंद्र अशा ठिकाणी झाले. मालक एकच असणे आणि चुकीची किंमत त्याला मान्य नसणे ही त्यामागील समान कारणे होती.

(३) टर्मिनल ५ च्या उदाहरणावरून असे दिसते की, जोखमीची वाटणी बदलल्यानंतरच माहितीची वाटणी बदलते.

(४) मानकांनी दिलेली सर्वांत मोलाची देणगी त्रिमित चित्र ही नसून, बदलाचा कर्ता, तपासनीस आणि मान्यता देणारा यांची नोंद ही आहे.

(५) प्रतिमान मानवी निर्णयाची जागा घेत नाही. न तपासता दिलेली मान्यता कागदावर जितकी घातक असते, तितकीच ती पडद्यावरही असते.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने या इतिहासाचे एक तात्पर्य आहे. स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला प्रणाली शिकविली जाते, वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला करार आणि खर्च शिकविला जातो, विधी शाखेच्या विद्यार्थ्याला उत्तरदायित्व शिकविले जाते. प्रत्येक शाखा आपापल्या कागदावर बरोबर असते. कॅन्सस सिटीच्या त्या दालनात कोसळलेला पूल दोन कागदांमधील जागेत निसटला होता. ती जागा भरून काढण्याचे काम प्रणालीवर सोपविता येत नाही. एकाच इमारतीचे प्रकरण या तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांनी एका टेबलाभोवती बसून अभ्यासावे, इतकी तरतूद अभ्यासक्रमात झाली, तरी या इतिहासाच्या अध्ययनाचे सार्थक होईल.